काउंटसाहेबांचं सूप

मराठी माणसाच्या घरात सूप आलं ते उशिरा, आणि आलं तेही भलत्याच नावाने. कारण त्या नावाची एक वस्तू आमच्या घरात आधीपासूनच खुंटीला टांगलेली होती. त्यामुळे पहिल्यांदा एखाद्या हॉटेलात वेटरने "सूप आणू का?" असं विचारलं असेल तेव्हा आमच्या एखाद्या पूर्वजाने "कशाला, तांदूळ पाखडायचेत का?" असा प्रतिप्रश्न नक्की केला असणार. पंडित मंडळी म्हणतील की संस्कृतात सूप म्हणजे वरणच, आणि १८७५ साली मराठीत छापलेल्या पाकपुस्तकाचं नाव 'सूपशास्त्र' असंच होतं. असेल. पण पंडित जेवायला बसले की "वरण वाढा" म्हणतात, "सूप वाढा" म्हणत नाहीत, हेही तितकंच खरं.

बरं, पातळ, गरम आणि भुरके मारण्याजोगं असं आमच्याकडे काही नव्हतं असंही नाही. सार होतं, कढण होतं, पुरणपोळीच्या मागोमाग येणारी कटाची आमटी होती, आणि माणदेशात हुलग्याचं माडगं होतं. नव्हती ती थंडी. पुण्यात पारा दहाच्या खाली उतरला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शेकोटीचा फोटो येतो, आणि आमच्या शाखेतले निम्मे लोक माकडटोपी घालून काउंटरवर बसतात. मग खातेदारांना पासबुक नेमकं कोणापुढे सरकवावं ते कळत नाही. एवढ्याला आपण कडाका म्हणतो. ज्या मुलखात नदी गोठते, विहिरीवरचा दोर ताठ होऊन उभा राहतो आणि रात्री दाराबाहेर राहिलेला माणूस सकाळी उठेलच याची खात्री नसते, तिथे वाटीभर गरम सूप ही आवडीनिवडीची बाब राहत नाही. तिथे त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

आणि हिशेब म्हटलं की आम्ही आलोच. वाणिज्य शाखेचा पदवीधर इतिहास वाचायला बसला की त्याचं लक्ष लढायांकडे जात नाही, खर्चाच्या बाजूकडे जातं. एकदा असाच इतिहास वाचताना आम्हाला एक गृहस्थ भेटले. आमच्या माहितीत तरी सुपाचा ताळेबंद पै-पैसह मांडणारा हा पहिला पुरुष. नाव बेंजामिन थॉम्पसन, ऊर्फ काउंट रम्फर्ड. काउंट म्हणजे सरदार. पण हे दोन्ही अर्थांनी काउंट होते. सरदार तर होतेच, पण समोर येईल ते मोजत सुटायचे.

या गृहस्थांचं पूर्वचरित्र असं, की आमच्या बँकेत त्यांना साधं बचत खातं उघडायला जामीन मिळाला नसता. जन्म १७५३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. एकोणीसाव्या वर्षी वयाने बऱ्याच थोर अशा एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा सगळे शेजारी इंग्रजांविरुद्ध उठले, आणि हे इंग्रजांना अदृश्य शाईत बातम्या लिहून पाठवू लागले. पुढे बायको आणि लहान मुलगी मागे टाकून १७७६ साली लंडन गाठलं. तिथे सरकारी नोकरी, मग लष्करी हुद्दा, मग १७८४ साली राजाकडून 'सर' ही पदवी. तेवढ्यावर समाधान होईना म्हणून बव्हेरियाच्या राज्यात, म्युनिक शहरी, तिथले अधिपती कार्ल थिओडोर यांच्या चाकरीत रुजू. तिथे सैन्याचा कारभार हाती आला. बदलीच्या ठिकाणी गेल्या गेल्या सगळ्या फायली उपसून काढणारा एखादा साहेब असतो ना, तसला प्रकार. हाताखालच्या लोकांनी त्यांना कोणतं टोपणनाव ठेवलं होतं ते इतिहासात आलेलं नाही, पण ठेवलं असणारच.

म्युनिकमध्ये तेव्हा भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. आल्प्सच्या पायथ्याजवळचं शहर, हिवाळा लांबलचक, आणि रस्त्यारस्त्यात, चर्चच्या पायऱ्यांवर हात पसरलेली माणसं. नववर्षाच्या दिवशी भिक्षा घालायची तिथे रीत होती, त्यामुळे त्या दिवशी झाडून सारे रस्त्यावर. आमच्या काउंटसाहेबांनी नेमका तोच मुहूर्त धरला. १ जानेवारी १७९०. चौकाचौकात शिपाई उभे केले, शहराच्या मुख्य अधिकाऱ्याला बरोबर घेतलं आणि स्वतः रस्त्यावर उतरले. पहिलाच भिकारी पुढे आला तसा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, की आजपासून भीक बंद, काम मिळेल आणि जेवणही मिळेल. आठवडाभरात सुमारे २६०० नावं यादीवर चढली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. वसुली मोहीम काय असते हे आम्ही जवळून पाहिलेलं आहे. आठवड्यात २६०० चा आकडा आमच्या विभागीय कार्यालयाने स्वप्नातसुद्धा पाहिलेला नाही.

इथपर्यंत वाचून वाटतं, की चला, आता या माणसाने त्या बिचाऱ्यांना कोंडून चाबकाखाली राबवलं असणार. पण तसं झालं नाही. शहराबाहेरच्या आउ भागातली एक जुनी इमारत साफसूफ करून तिथे उद्योगगृह काढलं. खोल्या उबदार ठेवल्या. दारावर सोनेरी अक्षरांत पाटी लावली: येथे भीक स्वीकारली जात नाही. आत ताग, जवस आणि लोकर कातायची, सैन्याचे कपडे शिवायचे, त्याची मजुरी रोख घ्यायची आणि दुपारी गरम जेवायचं. लोक आधी सद्गुणी होऊ देत, मग त्यांना सुख देऊ, असं जग म्हणतं. आपण उलट करून पाहू, आधी सुख देऊ आणि मग सद्गुणांची वाट पाहू, हा साहेबांचा युक्तिवाद. आम्हाला तो फार पसंत पडला. पगारवाढीच्या वाटाघाटीत आमच्या युनियनने तो आजवर का वापरला नाही, कळत नाही. पुढे साहेब आजारी पडले तेव्हा हीच माणसं रांगेने चर्चमध्ये गेली आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करून आली. साहेब पंथाने प्रॉटेस्टंट, प्रार्थना करणारे कॅथलिक. यादीतल्या माणसांनी यादी करणाऱ्यासाठी देवाकडे शब्द टाकावा, हा प्रसंग लिहिताना एरवी कोरडा असणारा हा मनुष्य चक्क हळवा झाला आहे.

आता सूप.

बाराशे माणसांच्या जेवणाचा साहेबांनी जो तक्ता दिला आहे तो वाचताना आम्हाला उर भरून आला. सोललेले जव इतके, वाटाणे इतके, शिळ्या पांढऱ्या पावाचे काप इतके, मीठ इतकं, बिअरचा पातळ शिरका इतका, पाणी इतकं. शिवाय सरपण. शिवाय तीन स्वयंपाकिणींचा आणि दोन गड्यांचा पगार. शिवाय भांड्यांच्या दुरुस्तीची वार्षिक तरतूद, आणि तिला दिवसांनी भागून येणारा रोजचा भार! घसारा धरणारा स्वयंपाकघराचा हिशेब आम्ही त्याआधी पाहिला नव्हता. माणशी वाटा साधारण सव्वा पौंड. त्यात दोन तृतीयांश निव्वळ पाणी.

पाणी इतकं का, याचंही उत्तर तयार होतं. साहेबांचं असं ठाम मत झालं होतं की पाणी नुसतं ओलावा देत नाही, नीट शिजवलं तर ते स्वतःच अन्न होतं. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंपासून बनलेलं असतं, हा शोध तेव्हा ताजा होता. त्यामुळे झाडं पाणी फोडून वाढतात, तशी माणसंही वाढत असतील, असा त्यांचा तर्क. त्यांच्या मते पाच औंसांहून कमी कोरडा शिधा आणि भरपूर पाणी, नीट शिजवलं की एका माणसाचं जेवण झालं. हे साफ चूक होतं. पाण्यात कसलंही पोषण नसतं, हे आज शाळकरी पोरही सांगेल. मग ती माणसं तगली कशी? तर जव आणि वाटाणा ही जोडी मुळात पौष्टिक, कातकामाच्या मजुरीतून ती माणसं बाहेरही काही खात असणार, आणि खोली उबदार होती. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाचं निम्मं अन्न अंग तापवण्यातच जातं, हे शेकोटीजवळ बसलेल्याला सांगावं लागत नाही. पण श्रेय गेलं पाण्याला. हे मोठं धोक्याचं होतं, ते पुढे कळेल.

दुसरी गंमत बटाट्याची. म्युनिकचे गरीब लोक तेव्हा बटाट्याला शिवत नसत. बटाटा म्हणजे खायची गोष्ट नव्हे, असा त्यांचा बाणा. साहेबांना मात्र तक्त्यात बचत दिसत होती: निम्मे जव आणि निम्मे वाटाणे कमी करून बटाटे घातले की खर्च उतरतो. मग त्यांनी काय करावं? कोपऱ्यातल्या एका आडबाजूच्या खोलीत गुपचूप वेगळी चूल मांडली. तिथे बटाटे शिजवून शिजवून त्यांचा पार लगदा केला, आकार-उकार काही उरला नाही, आणि तो लगदा सुपात सोडला. खाणारे म्हणू लागले, वा, आज सूप दाट झालंय, चव आलीय! चांगला बोलबाला झाल्यावर साहेबांनी गौप्यस्फोट केला. तोवर सगळ्यांना बटाट्याची अशी चटक लागली होती की तो नसता तर त्यांनीच तक्रार केली असती. पोराला दुधीभोपळा पराठ्यात लपवून खाऊ घालणाऱ्या समस्त माउलींनी या काउंटसाहेबांचा फोटो स्वयंपाकघरात लावायला हरकत नाही.

पाव मात्र शिजवायचा नाही, अगदी वाढताना घालायचा. कडक असला तर उत्तम, लोण्यात परतलेला असला तर फारच उत्तम. कारण कडक पाव चावायला वेळ लागतो, आणि जेवणाचं सुख घास किती मोठा यावर नसून तो तोंडात किती वेळ राहिला यावर असतं, असं साहेब लिहितात. गरिबालाही जेवताना सुख व्हायला हवं, हा विचार त्या काळच्या किती अंमलदारांच्या डोक्यात आला असेल? बाकी काही असो, या एका पावाच्या तुकड्यासाठी आम्ही त्यांना मानतो.

हे सूप आम्ही घरी करवलं. करवलं म्हणजे सौ.पुढे तक्ता ठेवला. तिने तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "अहो, यात फोडणी कुठाय?" आम्ही म्हटलं, मूळ पाठात फोडणी नाही. "मग मूळ पाठातच राहू दे ते," ती म्हणाली, पण केलं. जव तीन तास मंद आचेवर, मध्यावर वाटाणे, मग बटाटे, शेवटी मीठ आणि व्हिनेगर. साहेबांच्या काळी कुकर नव्हता, म्हणून आम्हीही वापरू दिला नाही, आणि गॅसच्या बिलाविषयी दोन शब्द ऐकून घेतले. झालं ते दिसायला खळीसारखं होतं. पण डिसेंबरची रात्र होती, खिडकीतून गार वारा येत होता, आणि वर कुरकुरीत पाव होता. चमचा थांबेना. शेवटी सौ.ने लसूण-जिऱ्याची फोडणी वरून ओतली, तेव्हा मात्र काउंटसाहेबांच्या आयुष्यात नेमकं काय कमी होतं ते कळलं.

सरपणाचा हिशेब करता करता हे गृहस्थ उष्णतेच्या मागे लागले ते कायमचेच. उघड्या चुलीतली बहुतेक आच वाया जाते म्हणून त्यांनी बंदिस्त चुली बांधल्या, लंडनच्या धुरकट शेगड्या सुधारून दिल्या. दाट सूप वरून निवतं आणि आत तोंड भाजण्याइतकं गरम राहतं, हे त्यांना तोंड भाजून कळलं, आणि त्यातून द्रवातली उष्णता कशी वाहते यावर त्यांनी निबंध लिहिला. आपलं तोंड भाजलं की आपण फक्त स्वयंपाक करणाऱ्याकडे बघतो. १७९८ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, की म्युनिकच्या शस्त्रशाळेत तोफेला भोक पाडताना पेटीतलं पाणी विस्तवाशिवाय, नुसत्या घर्षणाने, अडीच तासांत उकळलं; अर्थी उष्णता हा पदार्थ नसून गती असावी. भौतिकशास्त्राच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली ती यामुळे. संसारात मात्र घर्षणाचा अनुभव महागात पडला. १८०५ साली शास्त्रज्ञ लाव्हॉज्येच्या विधवेशी लग्न केलं. एकदा तिने न विचारता पाहुणे बोलावले म्हणून साहेबांनी फाटकाला कुलूप घातलं, तर बाईंनी आधण ठेवून त्यांच्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. चार वर्षांत दोघं वेगळी झाली.

सूप मात्र युरोपभर पसरलं. हॅम्बुर्ग, जिनिव्हा, लंडन, पॅरिस. धान्य कडाडलेल्या त्या थंडीच्या वर्षांत ठिकठिकाणी 'रम्फर्ड सूप' वाटणाऱ्या खानावळी निघाल्या. आणि पसरता पसरता जे आमच्या मुख्य कार्यालयाच्या प्रत्येक परिपत्रकाचं होतं तेच त्याचं झालं: खाली पोचेपर्यंत त्यातला पाव गळला, खोलीची ऊब गळली, मजुरी गळली. राहिला तो फक्त माणशी खर्चाचा रकाना. गरिबाला कमीत कमी किती स्वस्तात जिवंत ठेवता येतं, या प्रश्नाचं उत्तर म्हणून लोक रम्फर्डकडे पाहू लागले. कार्ल मार्क्सने १८६७ च्या 'कॅपिटल'मध्ये साहेबांवर तोंडसुख घेतलं ते त्यामुळेच.

पाण्याच्या सिद्धान्ताचं बिल फाटलं ते आयर्लंडात. जो बटाटा म्युनिकमध्ये लपूनछपून सुपात शिरला, त्याच बटाट्यावर आयर्लंडातला गरीब माणूस जगत होता, आणि १८४५ पासून त्यावर रोग पडला. १८४६-४७ चा हिवाळा तर कमालीचा कडक, बर्फ आणि वारे. उपाशी माणसं त्या थंडीत अंगावर चिंध्या घेऊन रस्त्यांची कामं करत होती. सरकारने मग कामं आवरती घेऊन सूप वाटायचं ठरवलं. लंडनच्या रिफॉर्म क्लबचे नामांकित आचारी अलेक्सिस सोयर यांना डब्लिनला पाचारण झालं. त्यांच्या एका कृतीत दोन गॅलन पाण्याला पाव पौंड मांस आहे. दोन गॅलन म्हणजे नऊ लिटर. बाकी दोन कांदे, थोडी चरबी, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड जव, मीठ आणि किंचित साखर. याला सूप म्हणायचं की मांसाची आठवण म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच याच्या पोषणावर बोट ठेवलं होतं. ५ एप्रिल १८४७ रोजी सोयर यांचं आदर्श स्वयंपाकघर उघडलं. तीनशे गॅलनचा हंडा, शंभर वाडगे, आणि प्रत्येक वाडग्याला साखळीने बांधलेला चमचा. (बँकेतलं पेन दोरीने बांधलेलं असतं त्याची आम्हाला उगीच लाज वाटायची.) घंटा झाली की शंभर आत, घंटा झाली की शंभर बाहेर. उद्घाटनाला प्रतिष्ठित मंडळींनी पाच-पाच शिलिंग देऊन उपाशी माणसं सूप पिताना पाहिली. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात ही म्हण आपली. पण तिचं चित्र डब्लिनला निघालं.

तरी एक नोंद करायला हवी, आणि ती जमेच्या बाजूला. १८४७ च्या जुलैत आयर्लंडात रोज सुमारे तीस लाख माणसं या सरकारी आणि पंचायती सुपावर जेवत होती. पातळ म्हणा, बेचव म्हणा, साखळीचा चमचा म्हणा, पण त्या उन्हाळ्यात मृत्यू कमी झाले. ते सूप रस्त्यांच्या कामांपेक्षा स्वस्तही पडलं होतं. आणि तरीही ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्या सुपाचं सूप वाजलं. खर्च फार होतो म्हणून बंद. पुढचा हिवाळा तोंडावर असताना! माणसं त्यानंतरही वर्षानुवर्षं मरत राहिली. काही ठिकाणी मिशनऱ्यांनी धर्मशिक्षणाबरोबर सूप दिलं, त्यामुळे 'त्यांनी सूप घेतलं' ही तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिवी होऊन बसली.

आमच्याकडे थंडी नव्हती, पण तोच तक्ता दुसऱ्या वेषात आला. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरतात असं ठरवलं. दगड फोडणाऱ्याला एक पौंड! मद्रासेत डॉक्टर कॉर्निश यांनी विरोध केला, इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जामागून अर्ज लिहिले, आणि मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी तर कामं सोडून दिली. उपाशी माणसाने संप करावा म्हणजे तो एक पौंड किती कमी असेल ते समजून घ्या.

आमचे वडील माणचे. १९७२ च्या दुष्काळात ते वीस वर्षांचे होते, खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरी चामड्यासारख्या व्हायच्या. हे ते सांगतात ते तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याची माहिती द्यावी तसं. संध्याकाळी घरी आजी मूठभर हुलग्याच्या पिठाचं माडगं करायची. रम्फर्डचं सूप केलं त्या रात्री ते आमच्याकडेच होते. दोन वाट्या प्यायले. फोडणी घातल्यावरची. मग तक्ता हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

"एवढं सगळं लिहून ठेवलंय यानं?"

"हो बाबा. सरपणसुद्धा."

"तुझी आजी माणूस वाढला की तांब्याभर पाणी वाढवायची. रोज कोण ना कोण यायचंच की, कामावरनं परत जाताना." त्यांनी बोट तक्त्यावरून खाली नेलं. "अवचित आलेल्याचं यानं कुठं धरलंय?"

आम्ही सगळे रकाने पुन्हा एकदा पाहिले. जव, वाटाणे, बटाटे, पाव, मीठ, शिरका, पाणी, सरपण, पगार, दुरुस्ती.

"नाही धरलेलं," आम्ही म्हटलं.

"मग चमचा दे इकडं," वडील म्हणाले, "त्या पातेल्यात थोडं उरलंय."